तुंगाच्या डोळ्यांतलं पाणी

चामराजपेट, बेंगळुरू
९ मार्च २०२५

चि. गुरुदत्त यास अक्काचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तूही पुण्यात वेळेवर जेवतोस असं धरून चालते. आपली तुंगा वाचली, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

अण्णा गेले आणि तिने वैरण सोडली. डोळ्यांतून धार, मान दाराकडे. गल्लीतल्या बायका हळदकुंकू घेऊन यायच्या. "मुक्या गाईला बाप गेल्याचं कळतं, पोटच्या पोराला नाही," म्हणायच्या. रागावू नकोस, मीही मान डोलावली. तू अंत्यविधीला आला नाहीस. घरात कुणीतरी रडतंय, याचा मला अभिमानच वाटत होता.

मग एका सकाळी ती उठेचना. शेजारच्या रक्षिताने गुरांच्या डॉक्टर हर्षिताला बोलावलं. तिने तुंगाची पापणी उलटून दाखवली. आत लाली म्हणून नव्हती, हिरड्याही चुन्यासारख्या पांढऱ्या. कासेमागे गोचीडच गोचीड.

"अक्का, हे दुःख नव्हे. गोचिडांमुळे रक्तात जंतू शिरलेत, डोळ्यांना पाणी त्यानेच. स्वल्प आधी बोलवायचं होतं."

मरायला टेकलेल्या जनावराला आम्ही कुंकू लावत बसलो होतो रे.

जंतू मारायचं इंजेक्शन दिलं, पण अंगात रक्तच उरलं नव्हतं. रक्षिताच्या धडधाकट गाईचं रक्त तपासून पिशव्यांत काढलं आणि तुंगाच्या मानेतल्या शिरेतून सोडलं. पहिल्यांदा दिलेलं बहुधा सोसतं, पण अंग थरथरलं तर लगेच थांबवायचं, असं हर्षिताने बजावलं. मी तुंगाच्या अंगावर हात ठेवून बसले. दोनदा ओरडले, "थांबवा!" दोन्ही वेळा थरथरत होता तो माझाच हात.

आता हिरड्या गुलाबी आहेत. वैरण खाते. डोळे कोरडे आहेत.

तरी संध्याकाळी, अण्णा वैरण घालायला यायचे त्या वेळेला, ती कान टवकारून दाराकडे बघते. हर्षिताला पुन्हा बोलावलं. "आता काही आजार नाही, अक्का," म्हणाली. तिला काय सांगू? अण्णा चपला ओढत आल्याचा आवाज त्या वेळी मलाही येतो.

गुरू, तू ये. तुमचं बापलेकाचं भांडण त्यांच्याबरोबर गेलं. फक्त एक कर. तुझी चाल हुबेहूब अण्णांची आहे. गल्लीच्या तोंडाशीच चपला काढ आणि मला हाक मारत ये. नाहीतर तुंगा फसेल, आणि तिच्याआधी मी दाराशी धावेन.

दाराकडे बघत बसलेली,
तुझी अहल्याक्का