फळांनी केस आलेली बहीण

१९ सप्टेंबर, शुक्रवार, दुपार

प्रिय ताईस,

मनापासून नमस्कार. साष्टांग घातला असता, पण दिवसभर वाकून काम करून पाठ धरली आहे, तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे. भावोजींचा गुडघा कसा आहे? दुकानात स्टुलावर बसतात की अजून फळांच्या पेट्या उचलून शहाणपणा करतात?

तुझी पेटी सोमवारी पोचली. एक पपई दबली होती, बाकी सगळं नीट. डाळिंबं तर अशी निघाली की दोन मिनिटं नुसती बघत बसले.

इकडे आमच्या विगच्या कामाला ऊत आला आहे. नाटकवाल्यांच्या राजाची दाढी तिसऱ्यांदा परत आली. म्हणे, बोलताना तोंडात जाते. मी म्हटलं, राजाला म्हणावं, जरा कमी बोल. आमचे मालक हसले, नाटकवाले हसले नाहीत. आता चौथ्यांदा करते आहे.

मी हे कशाला लिहिते आहे, ते तू ओळखलं असशील. लहानपणी माझ्या हातून कप फुटला की मी आधी मांजराबद्दल बोलायला लागायचे. तर आता कपाबद्दल लिहिते.

ताई, माझे केस परत आलेले नाहीत.

जूनमध्ये तू आलीस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणालीस, "बघ, माझ्या फळांनी गुण दिला की नाही!" तो विग होता. पूर्ण नाही, टाळूपुरता. आणि केस माझेच. जानेवारीपासून फणीतली, उशीवरची, मोरीतली गुंतवळ मी एका डब्यात जपून ठेवत होते. ती धुऊन, सोडवून, मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला लावून, एकेक केस आकडीने जाळीवर बांधला. रंग माझा, पोत माझा, मधले दोनचार पांढरेसुद्धा माझे. तुला कळणार कुठून? कामावरच्यांनाही कळलं नाही, आणि ते तर केसांवरच पोट भरतात. इतकं सुबक काम मी कुणा गिऱ्हाइकासाठीही केलेलं नाही. तेव्हा मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर अभिमान वाटला होता.

आपलं काय ठरलं होतं ते आठव. तू म्हणत होतीस डॉक्टरकडे जा, आणि मी म्हटलं, तीन महिने तुझी फळं खाऊन बघते, फरक नाही पडला तर जाते. फळं ही माझी पळवाट होती गं. आईचं दुखणं थकव्यानेच सुरू झालं होतं. उपचारांत तिचे केस गेले तेव्हा तिचा विग मी केला. माप घेताना तिचं डोकं एवढंसं लागलं हाताला. म्हणून माझे केस गळायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा मी ठरवूनच टाकलं की आता आपली पाळी. आणि कुणी नाव सांगितलं नाही तोवर ते दुखणं नाहीच, अशी स्वतःची समजूत घातली.

फळं मात्र खाल्ली. तिथे खोटं नाही. इतकी खाल्ली की बाकीचं खाणं सोडलं. सकाळी पपई, दुपारी पेरू नि केळी, संध्याकाळी डाळिंब. डाळ नाही, भाजी नाही, अंडं नाही. केस जास्त गळले की मी एक संत्रं वाढवायचे.

माझं खोटं माझ्यापुरतं राहिलं असतं तर कदाचित अजूनही लिहिलं नसतं. पण तू दुकानात पाटी लावलीस, 'फळं खा, केस दाट करा, माझ्या बहिणीला विचारा'. आणि गेल्या महिन्यात तुझ्या गिऱ्हाईक असलेल्या त्या शाळेतल्या बाई खरोखरच विचारायला आल्या. दोन तास प्रवास करून. डोक्यावरचा रुमाल काढून समोर बसल्या. आवाज बसलेला, चेहरा सुजलेला.

"दोन महिने झाले, ताई देतात ती सगळी फळं खाते," त्या म्हणाल्या. "तुम्ही किती खायचात?"

"डॉक्टरांना दाखवलंत का?"

"कशाला? तुम्ही तरी कुठे दाखवलंत! नुसत्या फळांनी आले ना तुमचे?"

माझ्यामुळे ही बाई दोन महिने घरी बसून राहिली. मी विगचे तीन चिमटे सोडवले आणि तो टेबलावर ठेवला.

बाई उठून माझ्या टाळूवर वाकल्या. मला वाटलं, आता कानाखाली वाजवतात. पण म्हणाल्या, "म्हणजे दोघीही घाबरटच. उद्या सकाळी नऊ वाजता तयार राहा. मी इथेच भाचीकडे उतरले आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. त्यांच्या गळ्यातल्या थायरॉईडचा बिघाड निघाला. रोज एक गोळी, बस्स. आता फोनवर आवाज खणखणीत येतो. माझं रक्त काढलं, फोटो काढले, आणि निकालाला नऊ दिवस लावले. त्या नऊ दिवसांत मी राजाची दाढी उलटी बांधली.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमच्या आईला होतं तसलं काहीही नाही. रक्तात लोह नाही, अंगात प्रथिनं नाहीत. तुम्ही खाता काय?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, जन्मभर केसांचं काम करता, आणि केस कशाचा होतो हे ठाऊक नाही? फळं हवीतच, पण जेवणाबरोबर, जेवणाऐवजी नव्हे." डाळ, अंडी, पालेभाजी खायची, वर एक संत्रं खायचं, म्हणजे लोह अंगी लागतं. लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. नवे केस दिसायला चारसहा महिने तरी लागतील.

ताई, मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. मग समोरच्या खानावळीत जाऊन चार अंडी खाल्ली. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

पाटी तेवढी उतरव. फळांना दोष नाही आणि तुलाही नाही, दोष बहिणीचा आहे. कुणाचे केस फार गळत असतील तर त्यांना फळं जरूर दे, पण आधी डॉक्टरकडे पाठव. आणि गिऱ्हाइकांना काय सांगायचं ते माझ्यावर सोड. मी दुकानात उभी राहून माझ्या तोंडाने सांगेन.

आता एकच. आजारपणात आई तुझ्याकडे असली की तू मला लिहायचीस, 'आज बरी दिसते', आणि माझ्याकडे असली की मी तुला लिहायचे, 'आज दोन घास जास्त गेले'. खरं दोघींनाही ठाऊक होतं. एकमेकींना जपायला म्हणून खोटं लिहिलं, आणि दोघी दोन घरांत एकेकट्या रडलो. मला ते पुन्हा नको आहे. तुलाही कुठे काही दुखत असेल, तर या पत्राच्या उत्तरात खरं लिही. नाहीतर लिहूच नकोस, मी पुढच्या रविवारी पहिल्या बसने येते आहे, उघड्या डोक्याने. पोटभर रागाव, पण मला समोर बसवून रागाव.

तुझी, अजून पुष्कळ वर्षं तुला छळायला असलेली,
धाकटी