पोट आत घेऊन दिलेलं माप

४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लेकीचं लग्न पुढच्या महिन्यात ठरलंय. मामा येणार नसेल तर मी बोहल्यावर उभीच राहणार नाही, असं ती म्हणते. आता तरी राग सोड. ह्यांच्या निवृत्तीच्या समारंभात तू शिवलेल्या कोटाचं बटण भाषणाच्या ऐन मध्यात तुटलं आणि साहेबांच्या चहात पडलं. त्यावर ह्यांनी चारचौघांत तुझ्या शिलाईला नावं ठेवली, हे चुकलंच. पण म्हणून तू आमच्याकडे फिरकायचंच नाही?

ह्यांनी हल्ली गोल्फचं खूळ घेतलंय. चेंडू तळ्यात गेला की ‘मलिगन’ म्हणायचं आणि दुसरा मारायचा. पहिला धरायचाच नाही. घरातही तेच. दूध उतू घालवलं, मलिगन. माझा वाढदिवस विसरले, मलिगन. मी वैतागून गेलेय.

लोभ असू दे, रुसवा तेवढा आवर.
तुझी धाकटी

११ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

भाचीचे लग्नाचे कपडे मीच शिवून पाठवतो, पण मी येणार नाही. आमच्या धंद्यात मलिगन नसतो. कात्री चालली की चालली. गिऱ्हाइकं अजून विचारतात, साहेबांना चहा गोड लागला का म्हणून. मेव्हण्यांना विचार, हा मलिगन कोण टिकोजीराव?

तब्येतीला जप, माझी समजूत घालत बसू नकोस.
तुझा दादा

१८ नोव्हेंबर

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

तुमचा प्रश्न क्लबात विचारला तर दोघांची चांगलीच जुंपली. एकाच्या मते मलिगन हॉटेलवाला होता. खडबडीत रस्त्यावरून गाडी हाकत आला, हात थरथरत होते, पहिला फटका भलतीकडे गेला, म्हणून सोबत्यांनी दुसरा मारू दिला. दुसऱ्याच्या मते तो क्लबातच कपडे बदलायची खोली सांभाळायचा. खरं काय, कुणालाच ठाऊक नाही. एवढं मात्र दोघांनाही मान्य होतं, की नियमांत मलिगन नाहीच. तो आपला आपण घ्यायचा नसतो, सोबत्यांनी द्यायचा असतो. मी आजवर स्वतःच घेत सुटलो होतो.

तर दादा, तुमच्याकडे मागतो. माप देताना मी पोट आत घेतलं होतं. समोर आरसा होता आणि आरशात तुमची बहीण. भाषणात श्वास सोडावाच लागला. तुमच्या शिलाईत काही खोट नव्हती. लग्नात हे सगळ्यांसमोर सांगणार आहे, पण ऐकायला तुम्ही हवेत.

उत्तराची वाट पाहणारा,
तुमचा मेव्हणा

२४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. आ.

मेव्हण्यांचं पत्र दुकानात मोठ्याने वाचलं आणि सगळ्यांना चहा पाजला. मलिगन दिला म्हणून सांग. त्यांनी पोट आत घेतलेलं मला तेव्हाच दिसलं होतं. गंमत म्हणून बोललो नाही, पण शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडलं. मग रागाने तेही सांगायचं राहिलं. मला तुम्हा सगळ्यांची फार आठवण येत होती.

शनिवारी येतो. तोच कोट सैल करून देईन, लग्नात तोच घालू दे. माप जेवणानंतर घेऊ. तेवढा आरसा झाकून ठेव, आणि तू शेजाऱ्यांकडे जाऊन बस, नाहीतर हा गृहस्थ पुन्हा पोट आत घेईल.

भेटीअंती बाकीचं.
तुझा दादा