मागच्या चाकाच्या तारा

बाबा, "मोजलंस का गं बाय, की अंदाजाने सांगतेस?" असं तुम्ही विचारलं होतं, आणि मी "मोजलं" म्हणाले होते. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुमचं बाकीचं बोलणं पुसट होत गेलं, पण हा प्रश्न वर्षागणिक जास्तच स्वच्छ ऐकू यायला लागला आहे. तुमच्या आवाजात संशय नव्हता. हातात पेन्सिल होती, वही उघडी होती, आणि मोजलं असेल तर लिहून टाकायचं होतं, एवढंच.

तेव्हा आपण बदलापूरच्या कुळगावात दोन खोल्यांत राहायचो. अंबरनाथ एमआयडीसीत टर्नरची पहिली पाळी करून तुम्ही चारच्या सुमाराला घरी यायचात, उभ्या उभ्या चहा प्यायचात आणि स्वयंपाकाच्या ओट्याची खिडकीकडची बाजू ताब्यात घ्यायचात. आपल्याकडे साधी स्कूटर नव्हती, आणि तुम्ही शंभर वर्षांपूर्वी कुठेतरी परदेशात शर्यतीत धावलेल्या गाड्या बनवायचात, खऱ्या गाडीच्या बरोबर बाराव्या हिश्शाच्या. कारखान्यात भंगारात जाणारे पितळेचे तुकडे साहेबांना विचारून आणायचात. चाकांच्या तारांसाठी रिक्षाच्या तुटलेल्या क्लच वायर. बदलापूर स्टेशनबाहेरचे रिक्षावाले तुमच्यासाठी त्या मुद्दाम बाजूला ठेवायचे. वायर उलगडली की आतून केसासारख्या बारीक तारा निघतात, त्या एकेक ताणून सरळ करायच्या. आई भाकरी थापता थापता म्हणायची, "लोकांच्या ओट्यावर कोथिंबीर निवडतात, आमच्या ओट्यावर रिक्षाची आतडी सोलतात." तुम्ही म्हणायचात, "जरा तवा सरकव. जोडाला डाग द्यायचाय." आणि ती सरकवायची, हे विशेष.

नव्याने करायला घेतलेल्या निळ्या गाडीच्या सीटसाठी चामडं आणायला आपण उल्हासनगरला गेलो होतो, ते आठवतंय? पर्स बनवणारे ते सिंधी काका. चामड्याची जाडी जुळवायला म्हणून तुम्ही आधीची लाल गाडी रुमालात गुंडाळून नेली होती. काकांनी ती हातात घेतली, चाक फिरवलं, डोळ्यांजवळ नेली. "साईं, एकदम ओरिजिनल! ऐसा पचास पीस बना के दो, मैं बाहर भेजता है." तुम्ही हसलात. "एक को दो साल लगता है, सेठ." "तो थोडा मोटा काम करो ना. ये छोटा छोटा तार, कौन बैठा है गिनने को?" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "ये बैठी है ना." काका मोठ्याने हसले. त्यांनी मला एक छोटी पर्स दिली. मी मात्र परत येताना रिक्षात ताठ बसले होते. माझ्याकडे काहीतरी पद आहे असं मला वाटत होतं.

आणि ते होतंच. तुम्हाला चाळिशीचा चष्मा लागल्यापासून फोटोतलं बारीक मोजायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यासाठी तुम्ही मला भिंग दिलंत, त्याची शिसवी मूठ स्वतः लेथवर काढून. तुमच्या वहीत प्रत्येक मापापुढे ते कुठून आलं ते लिहिलेलं असायचं. फोटोवरून. छापील. अंदाज. अंदाज लिहिणं तुम्हाला आवडायचं नाही, पण अंदाज असेल तिथे दुसरं काही लिहिणं त्याहून आवडायचं नाही. एकदा मी फोटोतल्या बॉनेटची लांबी "साधारण सव्वाचार सेंटिमीटर" सांगितली तर तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "साधारण म्हणजे? तू शाळेत साधारण जातेस का?" मला रडू आलं. मग तुम्ही पट्टी कशी धरायची ते पुन्हा दाखवलंत, न रागावता, आणि आईला सांगून मला साखर घातलेलं दूध दिलंत.

तुम्ही तो प्रश्न विचारलात, तो रविवार होता. निळ्या गाडीचा एकच फोटो आपल्याकडे होता, जुन्या इंग्रजी मासिकातला. पुढचं चाक उन्हात, लख्ख. मागचं अर्धं सावलीत. चार वाजता टीव्हीवर सिनेमा होता आणि शेजारच्या घरातून जाहिरातींचे आवाज यायला लागले होते. पुढच्या चाकाच्या तारा मी दोनदा मोजल्या, अठ्ठेचाळीस. मागच्या चाकावर भिंग धरलं. सावलीत तारा एकमेकींत मिसळत होत्या, दहा-बारा मोजल्या की बोट सुटायचं. तिसऱ्या वेळी मी भिंग खाली ठेवलं आणि सांगितलं, "मागचंपण अठ्ठेचाळीस." तुम्ही विचारलंत. मी मोजलं म्हणाले. "सगळा जोर मागच्या चाकावर येतो," तुम्ही स्वतःशी बोलल्यासारखं म्हणालात, "तिथे जास्त तारा पाहिजेत खरं तर. पण तू मोजलंस म्हणजे झालं." आणि लिहिलंत. मी चप्पलसुद्धा न घालता शेजारी पळाले.

ती चार चाकं करायला तुम्हाला आठ महिने लागले. बाबा, मी रोज बघत होते. रोज सांगता आलं असतं. पहिल्या आठवड्यात लाज वाटली, नंतर फार तारा भरून झाल्या होत्या. चाक आसावर चढवून तुम्ही पेन्सिलचं टोक कडेजवळ धरायचात, चाक फिरवायचात, कुठे टेकलं की ती तार किंचित ताणायचात. शेवटी पेन्सिल कुठेच टेकेना, तेव्हा तुम्ही मला हाक मारून दाखवलंत. चाक फिरत असूनही थांबल्यासारखं दिसत होतं. "बघ, बाय, तुझं गणित."

आता मी चिखलोलीला राहते. आई माझ्याजवळ असते. निळी गाडी हॉलमधल्या काचेच्या कपाटात आहे. दोन वर्षांपूर्वी फोनवर काहीतरी वेगळंच शोधताना ती खरी गाडी समोर आली, कुठल्याशा संग्रहालयात उभी, मागून काढलेला फोटो. मागचं चाक इतकं स्वच्छ की तारांवरची धूळ दिसत होती. मी तो फोटो मोठा छापून आणला, चष्मा लावला, प्रत्येक तारेवर टाचणीने भोक पाडत गेले. चौसष्ट. चार वेळा चौसष्ट. मग तुमची वही काढली. पुढचं चाक: ४८, फोटोवरून. मागचं चाक: ४८, आणि पुढे तुमच्या तिरक्या अक्षरात, "बायने मोजले." अख्ख्या वहीत दुसऱ्या कुठल्याच मापापुढे माणसाचा उल्लेख नाही.

आईला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती, सोलतच राहिली. "त्यांना कळलं नसेल असं वाटतं तुला?" "मग बोलले का नाहीत?" "मला काय विचारतेस? त्यांना विचारायचंस तेव्हा." टरफलं गोळा करता करता म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे ते हा माणूस वासावरून सांगायचा." मी तेव्हापासून दोन्ही गोष्टी धरून बसले आहे. तुम्हाला कळलं असेल तर तुम्ही मला सांभाळून घेतलंत. कळलं नसेल तर मी तुम्हाला फसवलं, ते शेवटपर्यंत. यातलं कुठलं सोपं, ते मला ठरवता येत नाही.

म्हणून मी चाक करायला घेतलं. अंबरनाथला तुमच्या जुन्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक वर्कशॉप आहे. तिथल्या टर्नरने पितळेची कडी आणि तारा जिथून निघतात तो मधला तुंबा काढून दिला. "मॅडम, चौसष्ट भोकं? हे काय, शोपीस आहे का?" मी चाक आहे म्हणाले. "मग चालणार कुठे?" मी पैसे मोजून दिले. तारा रिक्षावाल्यांकडून मागून आणल्या. बहुतेक रिक्षावाले विचारतात, ताई, काय करणार, आणि मी वडिलांना पाहिजे म्हणते. दीड वर्ष लागलं. तीनदा सगळं उसवलं. आता चाक पुरं झालंय, तारा बरोबर चौसष्ट, आणि ते डुगतं. पेन्सिल दोन जागी टेकते. मी ताणून बघितलं, सैल करून बघितलं, एका बाजूचं गेलं की दुसऱ्या बाजूला येतं. तुमचं चाक आजही बोट लावलं की एका रेषेत फिरतं.

दुसरं चाक मी सुरूच केलेलं नाही. हे कागद तुमच्या वहीत ठेवीन, दुसरी जागा नाही. तुम्ही असतात तर माझं चाक एकदा फिरवून बघितलं असतंत आणि "आउट आहे, पुन्हा कर" म्हणाला असतात. दोन बाजूंना दोन तऱ्हेची चाकं असलेली गाडी तर तुम्ही कपाटातच ठेवू दिली नसतीत. मला माहीत आहे. तरी विचारते, बाबा, भिंतीकडचं मागचं चाक काढून तिथे माझं लावू का? पुढून दिसणारं तुमचंच राहील.