आबांच्या चित्रातला दिवा

४ नोव्हें.
धाकट्या दत्तानं संभाजीनगरहून चित्र पाठवलं. तीर्थपुरीच्या स्टँडवरून मीच आणलं. एवढी चित्रकला शिकला अन् रंग कुठला, तर काळा. आबा घोंगडी पांघरून पाठमोरे बसलेत. भवती मेंढरं. खाली दिवा, वात डावीकडं. फोनवर बजावलं त्यानं, दारासमोरच्या भिंतीलाच लाव. लावलं. आबा मेंढरं घेऊन गोदाकाठी गेल्ते त्याला चार साल झाले. मेंढरं सापडली. आबा न्हाई.

५ नोव्हें.
शेजारचे किसनमामा अर्थ सांगून गेले. घोंगडी म्हणजे माया, मेंढरं म्हणजे इंद्रियं, पाठ फिरवली म्हणजे वैराग्य. दोनदा चहा घेतला. आई म्हणे तसलं काय न्हाई, ते परत येऊन राह्यलेत, दिवा त्यांच्यासाठीच लावलाय. आज कुंकू जरा मोठंच लावलं तिनं.

८ नोव्हें.
जेवताना चित्राकडं बघितलं अन् घास तोंडातच राहिला. आपलं दार पूर्वेला. समोरची भिंत पश्चिमेची. म्हणजे वातीचं तोंड दक्षिणेला. तसा दिवा आपण मेलेल्या माणसासाठी लावतो. अन् भिंत त्यानंच सांगितली! फोन लावून लई बोललो. तो म्हणाला,
"कोणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं, दादा. गेलेल्यांचा करतात तसा आबांचा चांदीचा टाक करू, देवात बसवू."
मंग आईच्या कपाळाचं काय, म्हणलं. त्यानं फोन ठेवला.
राग आला खरा, पण भीती जास्त. मला बी आतून तसंच वाटत आलंय...

१० नोव्हें.
आई सकाळीच म्हणाली, चित्र चुलीच्या भिंतीला लाव. धूर लागंल म्हणलं. लागू दे म्हणे. चरफडत लावलं. मंग समोर उभा राह्यलो तेव्हा कळलं. चुलीची भिंत दक्षिणेची, तिथं वात पूर्वेकडं होते. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक... विचारायची हिंमत न्हाई.

१५ नोव्हें.
दत्ता आला. चित्र कुठं लावलंय ते बघून उंबऱ्यातच थांबला. आई भाकरी थापून राह्यली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या बापाचं काही हाती लागलं तर आणून दाखव. मंग मीच पुसते कुंकू. तवर वात उगवतीलाच."
दत्ता रडला. जेवला न्हाई. मी जेवलो.
पश्चिमेच्या भिंतीतला खिळा आई काढ म्हणाली. काढतो म्हणलं. अजून काढला न्हाई.