डब्यातली चांदी

६ नोव्हेंबर

गाडी बंद पडली. तीही कुठे, तर कोपरखारच्या बांधावर! काल त्रिपुरी पौर्णिमेचं उधाण. जेट्टीविरोधी सभा लांबली, निघेपर्यंत रस्त्यावर खाडीचं पाणी आलेलं. घोट्याइतकंच होतं, म्हणून गाडी घातली. मध्यावर इंजिन गप्प.

गावातल्या जगनने ट्रॅक्टर आणला. दोर बांधला, मला म्हणाला, "बाय, तुमी निस्त्या बसा. आमी हाव ना." गिअर न्यूट्रलला टाकला आणि थेट पेणपर्यंत ओढत आणलं. पुढे जगन, मागे मोटरसायकलवर पोरं, मध्ये मी. संबंध आयुष्यात इतके सत्कार झाले, त्यातला एकही असा नव्हता. जेट्टीचा रस्ता या माणसांच्या शेतातून जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.

८ नोव्हेंबर

कान्हू मिस्त्रीने इंजिन चालू केलं. पण 'डी'ला टाकलं की नुसती घरघर, मग एक झटका, मग काही नाही. रिव्हर्स मात्र पडतो. म्हणजे फक्त मागे जाता येतं. विरोधकांना कळलं तर जन्मभर पुरेल त्यांना.

कान्हू म्हणाला, "ताई, ऑटोमॅटिकचा डबा आपण खोलत नाय. खोलीन, पण परत बसवीन याची ग्यारंटी नाय." त्याचा राग आला नाही. खोटं बोलला नाही.

१३ नोव्हेंबर

पनवेलच्या सर्व्हिस सेंटरचा फोन. गिअरबॉक्स दुरुस्त करत नाहीत, अख्खा बदलतात. आणि या मॉडेलचा आता येत नाही. मग काय करू? "मॅडम, एक्स्चेंज ऑफर आहे."

यज्ञेश जेवताना म्हणाला, "ताई, विकून टाक आणि ड्रायव्हर ठेव. वय झालंय तुझं." माझा धाकटा भाऊ. त्याच्याही वयाचं सांगितलं मी त्याला.

ड्रायव्हर! माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जीव नाही. क्लच दाबता येत नाही, म्हणून ही गाडी. ही आली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते, आणि पहिल्यांदाच कुणाला न विचारता घराबाहेर पडले. कुठे जातेस, कधी येणार, कोण सोडणार – ते सगळे प्रश्न एका दिवसात बंद झाले. दुसऱ्याने आणून सोडलेल्या बाईने लोकांना काय सांगायचं? स्वतःच्या पायावर उभे राहा म्हणून?

१४ नोव्हेंबर

पुण्याला तीन फोन, मुंबईला दोन. सगळे म्हणतात, गाडी पाठवा, मग बघू. बघू!

२० नोव्हेंबर

आज कोपरखारला मिनीडोर रिक्षाने गेले. तो बांधाच्या तोंडाशी थांबला. पुढे चिखल, काठी रुतते. जगनने घरातली प्लास्टिकची खुर्ची आणली, मला बसवलं आणि चौघांनी उचलून नेलं. जगनची आई हौसाकाकू म्हणाली, "सांभालून गो बाय, देवीवानी बस." सगळे हसले. मीही हसले.

सभा रंगली नाही. शब्द तेच, आवाज तोच. पण खुर्चीतून उतरवलेल्या बाईचं ऐकताना माणसांच्या डोळ्यांत आधी कीव येते. मला ती इतक्या जवळून ओळखू येते की माझं वाक्यच तुटतं. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "ताईंना किती तरास." तीच माणसं परवा जेट्टीच्या एजंटाला चहा देतील. तो दर संध्याकाळी स्वतःची गाडी घेऊन येतो.

अजून कुणी रस्त्याला जमीन द्यायची संमती दिलेली नाही. बावीस डिसेंबरला जनसुनावणी. तोवर मला आठवड्यातून तीनदा तरी तिथे असायला हवं.

२५ नोव्हेंबर

माणूस सापडला. रोह्याला, पुलापलीकडे अष्टमी गावात. साईराज नाव. पुण्यात दहा वर्षं हेच डबे उघडत होता, असं तो स्वतःच सांगतो. वारंवार सांगतो. गाडी टेम्पोवर चढवून नेली, यज्ञेश सोबत.

माझ्याकडे बघून पहिलं वाक्य: "तुमाला ओळखतो. धरमतरला बोलला होतात. आमच्या सायबांना दरोडेखोर म्हनालात."

तो जेट्टीवाल्यांच्या गाड्या बघतो. सगळ्या. ज्यांच्याविरुद्ध बोलते त्यांच्याच मिस्त्रीच्या दारात मी! परत फिरावं असं क्षणभर वाटलं. फिरले नाही. कारण रायगड जिल्ह्यात दुसरा नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही.

त्याने खालून तेल काढलं, बोटावर घेऊन उन्हात धरलं. चकचकत होतं. "ही चांदी बघा. आतला पट्टा घासून निघालाय. गाडी ओढत आनलेली?"

म्हटलं, हो, पेणपर्यंत.

"पुढची चाकं जमिनीवर?"

हो.

"मंग संपलंच की. इंजिन बंद म्हंजे आत तेल फिरत नाय. चाकं फिरतायत, पट्टा कोरडा घासतोय. पान्यानं डब्याला कायपन झालं नव्हतं. ओढनाऱ्यांनी मारली." वर हसून, "कोन होते? तुमचेच ना?"

दुरुस्त होईल म्हणाला. पण फेब्रुवारीत. आधी जेट्टीच्या गाड्या. यज्ञेशने गाडी तिथेच ठेवायला लावली.

२६ नोव्हेंबर

जगनचा फोन आला, गाडीचं काय झालं म्हणून. मी सांगून टाकलं. चिडून सांगितलं, की तुमच्या ट्रॅक्टरने माझा गिअरबॉक्स गेला, मिस्त्री आधी जेट्टीवाल्यांच्या गाड्या करणार, आता फेब्रुवारीपर्यंत मी घरात. तो म्हणाला, "मंग ही खांड आमची झाली, बाय."

खारीत, म्हणजे खाडी अडवून केलेल्या शेतीत, बांधाचे वाटे पाडलेले असतात, घरटी एक. ज्याच्या वाट्याला खांड पडली, म्हणजे बांध फुटला, त्याने दुसऱ्याचं बुडालेलं शेत आधी सावरायचं, मग स्वतःच्याकडे बघायचं. कायद्यात कुठे नाही हे, पण मोडलेलं मी पाहिलेलं नाही. मी म्हटलं, अरे जगन, हा काय बांध आहे? तुम्ही प्रेमाने ओढलीत. पण ते आधी म्हणायला हवं होतं.

२ डिसेंबर

पुन्हा अष्टमीला. या वेळी मागायला नाही, बोलायला गेले. अर्धा तास बोलले. म्हटलं, साईराज, हाताला कला असलेला माणूस कुणाचा नोकर नसतो. तू रांग ठरवतोस की साहेब? गिऱ्हाइकं हातातलं काम विसरून ऐकत होती. तो पाना पुसत राहिला. शेवटी: "ताई, छान बोलता. फेब्रुवारी."

८ डिसेंबर

कोपरखारला जाता आलं नाही. पाठ धरली आहे. जगन फोन उचलत नाही.

९ डिसेंबर

साईराजचा फोन! डबा खोललाय. पट्टा आणि पुल्या मुंबईहून येतायत, आठ दिवसांत गाडी देतो. "का रे, फेब्रुवारीचं काय झालं?" तर म्हणाला, "आता करतोय ना ताई, घ्या."

म्हणजे लागलं त्याला. इतकी वर्षं शब्दांवर जगले, तरी प्रत्येक वेळी वाटतं की वाया गेले. माणूस ऐकतो. उशिरा ऐकतो, वाकड्या तोंडाने ऐकतो, पण ऐकतो. यज्ञेशला हे दोनदा सांगितलं. तो म्हणाला, "बरं बाई."

१७ डिसेंबर

गाडी मिळाली. रोह्याहून पेणपर्यंत एकटी आले. नागोठण्याला उगाच थांबले, चहा घेतला, उगाच निघाले. साईराजला म्हटलं, तुझा निर्णय मी सभेत सांगणार. त्याने मान खाली घातली. "नको ताई. माझं नाव नका घेऊ." बढाईखोर माणूस, आणि नेमका इथे लाजला.

परवा कोपरखार. सुनावणीआधीची शेवटची सभा. भाषण तयार आहे.

१९ डिसेंबर

देवळापाशी सतरंजी घातलेली होती, माणसं खाली बघत होती. जगन नव्हता. हौसाकाकू गाडीच्या खिडकीशी आली. "तो नाय यायचा बाय. तुमाला तोंड कसा दावू बोलतो." जगनने पाच तारखेला संमतीपत्रावर सही केली. रस्त्याच्या तोंडाचं शेत त्याचं आहे. ते मिळालं की बाकीच्यांनी दिलं काय, न दिलं काय. त्याने जेट्टीच्या साहेबाला एकच अट घातली – मिस्त्रीला सांगा, बायची गाडी आधी करा. "आमी मोडलेली. आमीच भरून द्याला नको?" असं ती मलाच विचारत होती.

भाषण केलं नाही. गाडी 'डी'ला टाकली. जराही झटका न देता निघाली.