निळ्या पेटीवरची पाखरं

८ सप्टेंबर २०१७, यवतमाळ
वणीचा कोळसा एकदाचा नाकातून निघाला! आजपासून मी, आरिफा, रक्तपेढीतली टेक्निशियन. पेढी दवाखान्याच्या तळमजल्यावर अन् माही खोली मागच्या गल्लीत. फैजनं सामान लावून देल्लं, पंख्याले चार शिव्या घातल्या अन् संध्याकाळच्या गाडीनं वणीले परत गेला. दिवाळीपर्यंत इकडंच काम शोधतो म्हणे. नवरा गेल्यावर रडू आलं, पण पगाराची नोकरी लागली याचा आनंद त्याहून मोठा.

१० सप्टेंबर
आमचे प्रमुख अवधूत सायब. त्यायनं आज निळी पेटी दाखवली, नव्या नवरीचं तोंड दाखवावं तशी. डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट घसरतात, मंग त्या बाहेरून द्या लागतात. पण त्यायची पिशवी फ्रिजात ठेवता येत नाई, कोमटच ठेवा लागते. एखादा जंतू आत गेला असला तर तो तिथं घर करते. म्हणून पिशवीत पिवळं जीवनसत्त्व टाकायचं अन् पेटीत उजेड द्यायचा, म्हणजे जंतूचा वंश वाढत नाई. दिसते तो निळा उजेड नुसता वरवरचा, खरं काम न दिसणारा उजेड करते. झालं की पिशवीवर निळं स्टिकर, त्यावर माही सही. मी तर खुश!

१४ सप्टेंबर
संध्याकाळी पेटी सुरू झाली की बोंडअळीची पाखरं खिडकीतून येतात अन् पेटीच्या फटींले चिकटतात. सकाळी धावजी, आमचा शिपाई, सुपलीभर झाडून काढते. त्याच्या चार एकरातली बोंडं याच अळीनं खाल्ली. त्यानं इचारलं, ट्यूबलाइट सोडून हे इथंच काहून येतात? मी मोठी शहाणी! सांगतलं, आपल्याले दिसत नाई तो उजेड त्यायले दिसते.

२१ सप्टेंबर
पाखरं येणं बंद झालं. फरशी कशी लख्ख! पेटी मात्र दोन दिवस सारखी पीं-पीं करून राह्यली होती. अवधूत सायबाले वाटलं, व्होल्टेजचा घोळ असंन. हाफिजभाई इलेक्ट्रिशियनकडून त्यायनं भोंग्याची वायरच काढून टाकली. कंपनीचा माणूस नागपूरवरून सवडीनं येईन म्हणे. धावजीनं पेढे आणले. त्यानं वावरात दिव्याचा सापळा लावला, खाली साबणपाण्याचं टोपलं, अन् पाखरं ढिगानं मरून राह्यली. दोन पेढे खाल्ले मी.
उजेड देल्ला म्हणून पिशव्या आता पाचाऐवजी सात दिवस ठेवतो.

२६ सप्टेंबर
वरच्या वॉर्डात एक पोरगी पिशवी लावल्यावर थडथड कापली. ताप चढतच गेला. काल एक म्हातारा तसाच. तो गेला.
डॉक्टर म्हणतात, आजारच तसा. मी पोरीची उरलेली पिशवी खिडकीपाशी धरून हालवली. चांगल्या पिशवीत धुरासारखी लहर उठते. हिच्यात काहीच नाई, निरा गढूळ. सायबाले दाखवली तर म्हणे, स्टिकर आहे ना, मंग? तुम्ही नवीन आहात. असा राग आला मले!

२९ सप्टेंबर
अंग मोडून राह्यलं. ताप. दात घासताना हिरडीतून रक्त आलं, थांबलंच नाई.
फैजले सांगतलं नाई अजून.

१ ऑक्टोबर, दुपार
भरती केलं. डेंग्यू. प्लेटलेट पार खाली. पिशवी लावली आहे. उजव्या हातात सुई, हालू नये म्हणून तो पट्टीनं पलंगाले बांधला, डाव्यानं लिहून राह्यली.
धावजी शहाळं घेऊन आलता. डोळ्यात पाणी त्याच्या. म्हणे बाई, तुमच्यानंच माहं वावर वाचलं. सापळ्यातल्या उजेडाच्या नळ्या पेटीतल्याच आहेत — झाडझूड करताना काढल्या, त्यायच्या जागी मंडपवाल्याच्या निळ्या बसवल्या. आपल्याले न दिसणारा उजेड पाखराले लागते. रक्ताले कुठं डोळे असतात?
हसत सांगतलं त्यानं.
म्हणून पाखरं येईनात. म्हणून पेटी वरडत होती. या अल्ला.

पिशवीवर निळं स्टिकर. सही माहीच.
हालवून पाह्यली — लहर नाई —

हंसाबाई नर्सले सांगतलं. तिनं कपाळाले हात लावला, तापात बडबडते म्हणे. पेटीतली पिशवी सगळ्यात चांगली म्हणे. सायब कळंबले चिंतामणीच्या दर्शनाले, फोन लागत नाई. नळी ओढाले गेली तर तिनं ती हात पोचणार नाई अशी पलंगामागं सरकवली अन् डावा हात बी बांधीन असा दम देल्ला. धावजी खाली पळाला डॉक्टरले आणाले — अजून आला नाई —

फैजले फोन केला, तो वणीवरून निघाला. मले जगायचं आहे. फैज, लवकर —

पिशवी अर्धी उतरली.

थंडी. दात वाजून राह्यले. हंसाबाई पांघरूण घेऊन आली. पांघरूण नको बाई — नळी — आधी नळी बं