ताटाएवढी भाकरी

रविवार, १२ जानेवारी २००३

रविवारचं मटण, पुढ्यात गरम रस्सा, आणि मी अर्ध्या भाकरीवर गार! पोट तट्ट. ढेकर नाही, कळ नाही, नुसतं भरलं. बायको, शालन, म्हणाली, “मटण बिघडलंय काय?” मटणाला काही झालं नव्हतं. वाडगा तसाच सरकवला.

दत्तजयंतीला वाडीला गेलतो तेव्हापासून हे चाललंय. पंगतीत खीर दुसऱ्यांदा घेतली नाही, तर आमच्या शेजारचा सायकलवाला आकाराम ओरडला होता, “सयाजी, लेका, आजारी-बिजारी हैस काय?” लोक हसले. मी पण हसलो.

माझ्या वडलांचं, आण्णांचं, असंच चालू झालतं. ‘भरलं’ म्हणायचे आणि ताट ढकलायचे. आई म्हणायची, म्हाताऱ्याचे नखरे. पुढच्या दिवाळीला आण्णा नव्हते. पोटात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. हे शालनला बोललो नाही. इथं लिहून ठेवतो.

सोमवार, १३ जानेवारी

ठरलं. माझं माप दोन भाकऱ्या. लग्नात दोन, पोरगी झाली त्या दिवशी दोन, गिरणीचा पट्टा तुटून दिवस वाया गेला तरी दोन. अख्ख्या शिवाजी पेठेचं दळण दळणारा माणूस अर्ध्या भाकरीवर उठतो म्हणजे काय! दोन खाऊनच उठायचं. ज्या दिवशी दोन जातील त्या दिवशी मी बरा.

गुरुवार, १६ जानेवारी

दीडपर्यंत रेटली. मग मोरीत सगळं बाहेर. शालन पाठीवर हात फिरवत उभी. “कुणाबरं पैज लावलीया?” म्हणाली. डोळ्यांतून पाणी येत होतं, चूळ भरली.

डॉक्टरला दाखवा म्हणते. म्हटलं, आधी दोन खाऊन दाखवतो, मग बघू.

शनिवार, १८ जानेवारी

गिरणीत रांगेतल्या बायकांचे सल्ले. एक म्हणते ओवा चावा, एक म्हणते लिंबू पिळून घ्या. झुंबरबाईनं दळणाचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “दृष्ट हाय. दुसरं काय न्हाय.”

शालननं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. घरभर ठसका! मी खोकतोय, ती खोकतेय, आकाराम भिंतीपलीकडनं खोकतोय. ठसका आला म्हणजे दृष्ट नव्हती. मग काय आहे?

रविवार, १९ जानेवारी

एक.

शुक्रवार, २४ जानेवारी

सव्वा गेली. परवा एक, आज सव्वा. चढतंय.

बुधवार, २९ जानेवारी

दोन! पूर्ण दोन, वर भाताचे चार घास. उलटी नाही, तडस नाही. शालनकडं बघितलं, तीसुद्धा हसत होती. म्हटलं, “बघितलंस? मनावर घेतलं की हुतंय.” “व्हय की,” म्हणाली आणि तवा घासायला घेतला.

संध्याकाळी आकारामला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, ओव्यानंच झालं. म्हणू दे.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आमची वर्षाराणी मुरगूडला दिलीय. तिनं फोन करून करून डोकं खाल्लं म्हणून शेवटी डॉक्टरकडं गेलतो. डॉक्टर संगमेश. तरणाच आहे, पण शांत बोलतो. “जेवण किती जातं?” म्हणाला. ताठ बसून सांगितलं, दोन भाकऱ्या.

“मग फार काळजीचं दिसत नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या देतो. पण जेवण परत कमी झालं, वजन उतरलं, नाहीतर उलट्या झाल्या, तर थांबायचं नाही. लगेच यायचं. दुर्बीण घालून बघू.”

मोरीतल्या उलटीचं सांगितलं नाही. ती झाली तेव्हा मी हट्टानं खाल्लं होतं, तिचं काय सांगायचं.

सोमवार, १० फेब्रुवारी

दोन भाकऱ्या रोज. तरी विजारीचा पट्टा शेवटच्या भोकावर आलाय. शाळू ज्वारीचं पोतं उचलायला गेलो तर अर्ध्यावरनंच खाली ठेवलं. आकारामनं येऊन दुसरं टोक धरलं. त्यानं चेष्टा केली असती तर बरं झालं असतं.

रविवार, १६ फेब्रुवारी

मुरगूडला गेलतो. जावयानं, आदर्शनं, मटण आणलं होतं. “मामा, आज पोटभर,” म्हणाला. वर्षाराणीनं ताटात भाकरी टाकली. ताट दिसेना! म्हटलं, “अगं, ही भाकरी हाय का चादर?”

“आबा, हीच तुमची भाकरी की. आईनंच शिकवलीया. आबांना ताटाएवढी लागती म्हणून मार खाल्लाय मी लहानपणी.”

निम्मी खाल्ली आणि पोट तट्ट. तीच जानेवारीतली निम्मी. ताटातल्या उरलेल्या तुकड्याकडं बघत बसलो. घरी जी दोन खातो ती केवढी असते, आठवायला लागलो. आठवली. हाताचा पंजा पसरून बघितला.

जावई विचारतोय, मामा, काय झालं? काही नाही म्हटलं. वर्षाराणीला म्हटलं, एक भाकरी फडक्यात बांधून दे. तिला वाटलं आईला नेतोय. निघताना म्हणाली, “आई लई वाळलीया ओ. तिला पण जरा खायला घाला.” तुझ्या आईला काय धाड भरलीय, म्हटलं. डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्याच दिवशी, घरी आल्यावर

शिंक्यातली भाकरी काढली, मुरगूडची शेजारी ठेवली. मुरगूडच्या एकीत घरच्या चार बसतील.

शालनला विचारलं. ती नाही म्हणाली नाही. “तुमी मोरीत बसलासा त्या दिवशी, मला बघवलं न्हाय,” म्हणाली. “दोन दोन म्हणून जीव टाकत हुतासा. म्हटलं दोन तर दोन. रोज एक चिमूट पीठ कमी घेत गेलो. तुमच्या ध्यानात आलं न्हाय.”

“आणि मी डॉक्टरला सांगून आलो दोन खातो म्हणून!”

“मला काय ठाऊक तिथं भाकऱ्या मोजत्यात. बारीक भाकरीवर माझा हात बसलाय, म्हणून जमलं.”

लई बोललो. माझ्या पोटात आण्णांचं दुखणं वाढत असेल आणि तू पिठाशी खेळत बसलीस, असंही बोललो. आण्णांचं नाव पहिल्यांदा तोंडातनं निघालं. ती मटकन खाली बसली. तिला हे आत्ताच कळलं, मी इतके दिवस काय घाबरत होतो ते.

राग आलाय. पण खरं लिहायचं तर भीतीच जास्त आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काल डॉक्टर गावाला गेलता, आज पहिला नंबर लावला. डॉक्टरच्या टेबलावर फडकं सोडलं. मुरगूडची भाकरी वाळून कडक झालती. म्हटलं, “ही माझी खरी भाकरी, हिच्यातली निम्मी जाते. आणि ही, जिच्या दोन खातो म्हणून मागं सांगितलं.” उलटीचंही सांगितलं. आण्णांचंही.

डॉक्टर हसला नाही. दोन्ही हातांत घेऊन बघितल्या. वजनकाट्यावर उभं केलं. “काका, बरं केलं आणल्या. आता भाकऱ्यांवर जाऊ नका. कपडे ढिले झालेत, हेच मला पुरेसं आहे.” गुरुवारी दुर्बीण. उपाशी पोटी यायचं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

नळी घशातनं आत. डोळे मिटून पडलो. शालन दाराबाहेर.

जठरात जुनी जखम. तिच्या सुजेनं खालचं तोंड आवळलंय, म्हणून खाल्लेलं पुढं सरकत नाही आणि दोन घासांत भरल्यासारखं होतं. गाठीसारखं दिसत नाही म्हणाला, पण तुकडा काढून तपासायला पाठवलाय. आठवडाभर थांबायचं.

तोवर खायची रीत बदलायची. पोटभर हा शब्दच सोडायचा. दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. घास लगदा होईपर्यंत चावायचा. तेलकट रस्सा बंद, मऊ भात, वरण, कण्या. जेवताना तांब्या तोंडाला लावायचा नाही, पाणी मधल्या वेळेत. खाऊन आडवं व्हायचं नाही. तंबाखू बंद. भराभर खायचं नाही, कुणाशी तरी बोलत खावा म्हणाला.

करतो. सगळं करतो. गिरणीच्या पट्ट्याची कसम.

शनिवार, २२ फेब्रुवारी

गिरणीत डबा ठेवलाय. दोन दळणांच्या मध्ये चार घास. बायका हसतात. झुंबरबाई म्हणाली, “बाळंतिणीगत खायला लागलासा की ओ!” म्हटलं, व्हय, बाळंतीणच. मी चावत राहिलो.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

तंबाखूची आठवण लई येते. चुन्याची डबी आकारामला देऊन टाकली.

शालन कमी बोलते. मीही. पण वेळ झाली की वाटी घेऊन गिरणीत हजर असते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

गाठ नाही!

डॉक्टरनं कागद वाचून दाखवला, मी परत वाचायला लावला. जंतू आहे. त्यानंच जखम केली. दोन आठवड्यांच्या गोळ्या, मग परत दुर्बीण. सूज उतरली की तोंड मोकळं होईल, बहुतेक कापायला लागणार नाही. “हा जंतू घरात एकाला असला की दुसऱ्यालाही असू शकतो,” म्हणाला. “घरात कुणाला असा त्रास?” न्हाय, म्हटलं, आम्ही दोघंच, आणि मंडळी ठणठणीत.

दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो. शालन शेजारी उभी राहून माझी टोपी धरून होती. त्या दिवशी बोललो त्याचं वाईट वाटलं, तसं तिला तिथंच सांगितलं. “ऱ्हाऊ दे, माणसं बघत्यात,” म्हणाली.

गुरुवार, ६ मार्च

भात, वरण, कण्या, परत भात. कंटाळा आलाय. पण पोतं उचललं आज. एकट्यानं.

रविवार, ९ मार्च

अख्खी भाकरी, दुधात कुस्करून, सावकाश. ताटाएवढी! थापतानाच शालनला सांगितलं होतं, आता फसवायचं नाही. आकाराम खिडकीतनं बघत होता. शेवटच्या घासाला त्यानं टाळ्या वाजवल्या, गाढवानं.

सोमवार, १० मार्च

बोलत खावा म्हणाला होता, म्हणून आज शालनला हट्टानं सोबत बसवलं. नेहमी माझं झाल्यावर आत एकटी जेवते. “माझं नंतर, मी खातो की,” म्हणत होती. ऐकलं नाही.

तिच्या ताटात बारकी भाकरी. पंजाएवढी. त्यातली निम्मी मोडून तिनं बाजूला ठेवली. म्हटलं, अगं, आता कशाला बारीक थापतेस, माझं नाटक संपलं.

“ही माझीच हाय. मला एवढीच जाती. दिवाळीपास्नं.”

उरलेली निम्मी फडक्यात बांधून ठेवलीय. उद्या गिरणी बंद.